रंग हुकला, रेष साधली

मंचर किंवा नारायणगावच्या शिवारातल्या एखाद्या जुन्या विहिरीपाशी गेलात, तर तिच्या काठावर सिमेंटचा एक चौथरा दिसतो. त्यातून गंजलेले चार बोल्ट वर आलेले असतात. वीज आणि कुकडी प्रकल्पाचे कालवे यायच्या आधी या चौथऱ्यांवर ऑइल इंजिने धडधडत. इंजिनाच्या चाकावरून निघालेला लांब पट्टा पंप फिरवी. बैलांच्या खांद्यावरची मोट उतरवली ती या पट्ट्याने. पण पट्टा म्हणजे रुसका जावई. मान नीट राखला तर दिवसभर पाणी ओढणार, नाही तर ऐन उन्हात उतरून बसणार. ऊस माना टाकू लागलेला असताना पट्टा उतरला की घरातल्या सगळ्यांचीच तोंडे उतरत.

ही यंत्रे आपल्या शेतकऱ्याच्या दारी आणण्याची वाट ज्याने पाडली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना व्हायचे होते चित्रकार!

२० जून १८६९ रोजी बेळगाव भागातल्या गुर्लहोसूर गावी त्यांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तो दाखल झाला आणि तिथे कळले की काही रंग त्याच्या डोळ्यांना ओळखताच येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने हा घावच. पण यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाही, रेष लागते. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेष धरून ठेवली आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रचित्रकलेचे शिक्षक झाले.

शिकवता शिकवता सायकलीचे वेड लागले. १८८८ मध्ये थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर बेळगावात सायकलीचे दुकान निघाले. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाची सुरुवात तीच. पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्याला पुढे केलेले पाहिल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. त्या काळी बांधलेला पगार सोडायला छाती लागे, हे आमच्या पिढीतल्या नोकरदारांना वेगळे सांगायला नको.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. शेतकरी त्याला हात लावीना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली. शेतकऱ्याला हसणे सोपे आहे. पण त्याचे सारे वर्ष एका नांगरटीवर उभे असते. लाकडी नांगर त्याच्या आजोबांनी पारखून दिलेला होता आणि हा नवा कोणी पारखला होता?

मग नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. बस्तान हलवणे भाग पडले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजारांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि नाग यांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. १९२६ च्या सुमारास वाडीत पंपही बनू लागले आणि १९४६ मध्ये, चिरंजीव शंतनुरावांच्या हातून, पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. खडकीपासून मंचर ते किती लांब? २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले, तेव्हा पाण्यासाठी इंजिन घेण्याची भाषा खेडोपाडी सुरू झालेली होती.

आता त्या पट्ट्याकडे वळू. इथे पुन्हा रेषच कामाला येते. इंजिन आणि पंप यांचे आस एकमेकांना समांतर हवेत आणि दोन्ही चाके एका रेषेत हवीत. चाकांच्या कडा सारख्या रुंदीच्या असतील, तर इंजिन बंद करून दोन्ही चाकांच्या बाजूला ताणलेला दोरा धरायचा. तो चारही ठिकाणी टेकला पाहिजे. एका ठिकाणी जरी फट दिसली तरी बोल्ट सैल करून इंजिन सरकवायचे. सपाट पट्ट्याचे चाक मध्यभागी किंचित फुगीर ठेवतात, कारण चालता पट्टा उंचवट्याकडे चढतो आणि मधोमध राहतो. पण आसच तिरपे असतील तर फुगवटाही पट्ट्याला वाचवत नाही.

ताणाचेही तसेच. सैल पट्टा घसरतो, जळका वास येतो, पाणी कमी पडते. कित्येक जण त्यावर राळ टाकून वेळ मारून नेत. फार ताणला तर बेअरिंग तापून खराब होते, आणि ते पट्ट्याहून महाग. खाचेत बसणाऱ्या व्ही पट्ट्याला दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने बेताने दाबले की मीटरभर अंतरामागे दीडेक सेंटीमीटर दबावा, हा ढोबळ हिशेब. मोटरसायकलची साखळी ताणणारा पोरगासुद्धा मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्यात का ते आधी पाहतो. नाही तर चाक तिरके बसते आणि दातांची झीज एकाच अंगाला होते.

नवा पट्टा चालू लागला की थोडा लांबतोच. म्हणून पहिल्या काही तासांनंतर इंजिन थांबवायचे, पट्टा दाबून पाहायचा, लागले तर इंजिन केसभर मागे घ्यायचे, आणि बोल्ट आवळण्यापूर्वी दोरा पुन्हा एकदा धरायचा.