टायबरच्या खोऱ्यातील मराठी वीर : नाईक यशवंत घाडगे

शिरीषकुमार हे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी खानदेशात शोधूनही सापडायचा नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या मिरवणुकीत हा १५ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. पुढे दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, त्याच इंग्रज सरकारच्या फौजेतला एक मराठी तरुण दूर इटलीत धारातीर्थी पडला. सरकारने एकाला गोळी घातली, दुसऱ्याला पदक दिले. पहिल्याची आठवण आपण दरवर्षी करतो. दुसऱ्याचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. त्या दुसऱ्याची ही हकीकत.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी, आज रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगाव येथे झाला. कोकणातला हा भाग डोंगराळ. भाताची खाचरे लहान आणि खाणारी तोंडे अधिक. त्यामुळे महाड-माणगावकडच्या पुष्कळ घरांतला एखादा तरी मुलगा मुंबईच्या गिरणीत नाही तर पलटणीत जायचा. यशवंतराव पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक झाले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. युद्धात उतरायचे की नाही हे त्यांच्यापैकी कुणालाही विचारण्यात आले नव्हते. तो निर्णय व्हाइसरॉयने परस्पर जाहीर केला होता.

४ जून १९४४ रोजी रोम शहर दोस्तांच्या हाती आले आणि जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. परंतु हटता हटता त्या प्रत्येक टेकडी लढवीत होत्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी यशवंतरावांची तुकडी पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा भडिमार सुरू झाला. क्षणार्धात तुकडीतले सारे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. त्यांनी मागे पाहिले नाही. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी ती गन आणि ती चालवणारा सैनिक यांना गारद केले. दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या, नव्या भरायला सवड नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना लोळवले. मोर्चा हाती आला, पण लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२!

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्वीकारला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे वाचलेले घरी सांगायची मला सवय आहे. ही हकीकत सांगितली तेव्हा आजीने पराक्रमाबद्दल काही विचारले नाही. त्या बाईचे पुढे कसे झाले, एवढेच तिने विचारले. पुस्तकांत लढाईचा क्षण न् क्षण येतो, मात्र वीरपत्नीच्या वाट्याला एखादीच ओळ येते!

यशवंतरावांची समाधी कुठेही नाही. इटलीत कसिनो येथे, ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही अशा सुमारे ४,००० सैनिकांच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतील मोंतोने या गावानेही त्यांचे स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो असा त्याचा संदेश आहे. त्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय लढले. त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत.

हे सैनिक इंग्रजांसाठी मेले, मग त्यांचे स्मरण आपण का करावे, असे कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. पण साम्राज्याचा गौरव वेगळा आणि माणसाचे स्मरण वेगळे. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत सरकारने शिळा बसवल्या. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि किती मेली, एवढाच आकडा त्यांवर आहे. नावे नाहीत. साम्राज्याला आकडा पुरत होता, गावाला तो कसा पुरावा? शिरीषकुमार स्वतः निवडलेल्या ध्येयासाठी गेला. यशवंतराव दुसऱ्यांनी ठरवलेल्या युद्धात गेले, पण सोबती पडल्यावर पुढे धावायचे हे त्यांचे त्यांनीच ठरवले. एकाला वंदन केल्याने दुसऱ्याचा मान उणा होत नाही.

मित्रहो, आपापल्या गावी अशी शिळा असेल तर तिच्यावरचा आकडा वाचून थांबू नका. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा, ती नावे वहीत उतरवून घ्या. नाईक यशवंत घाडगे यांना आणि त्या अनाम जवानांना आपल्या पिढीने वाहावी अशी हीच खरी श्रद्धांजली होय.