मूतखडे पाहणारा चित्रकार

जासईच्या एखाद्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘युरिन रुटीन’ करायला सांगितली, तर बहुधा त्याच दिवशी रिपोर्ट हातात येतो. पस सेल्स, तांबड्या पेशी, क्रिस्टल्स. लघवी यंत्रात गरगर फिरवायची, तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, इतकी ही तपासणी साधी. खाडीपलीकडे मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी एक डॉक्टर लघवीच्या विकारांचा असाच भिंगातून माग काढत होते. त्यांचे नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर.

कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडमधल्या हल गावी झाला. वडील चित्रकार होते, त्यामुळे हाताला वळण घरातच लागले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे त्यांची. १८५८ मध्ये ग्रंथ बाहेर पडला आणि ग्रे यांचे नाव अजरामर झाले. कार्टर यांना एकरकमी दीडशे पौंड मिळाले. त्याच वर्षी ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले.

कॉलेजच्या संग्रहालयात रुग्णांच्या शरीरातून काढलेले मूतखडे जपून ठेवले होते. मूत्राशयातला खडा हे त्या काळचे मोठे दुखणे. लहान मुलेही त्यातून सुटत नसत. कार्टर यांनी त्या खड्यांची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासली. खडा म्हणजे नुसती स्फटिकांची रास नव्हे, त्याच्या घडणीत शरीरातल्या चिकट सेंद्रिय द्रव्याचाही वाटा असतो, या विचाराने ते चालले. साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून बरीच वर्षे काढल्यावर, १८७३ मध्ये, त्यांचे या विषयावरचे पुस्तक लंडनमध्ये निघाले.

दुधासारखी पांढरी लघवी हा दुसरा पेच. या आजारात लघवीवाटे चरबी आणि प्रथिने निघून जातात, माणूस खंगतो. दोष मूत्रपिंडाचा नाही. लसीकावाहिनी फुटून तिच्यातला द्रव मूत्रमार्गात उतरतो, असे कार्टर यांनी १८६२ मध्ये मांडले. गळती बरोबर सापडली, पण ती कशामुळे होते ते कळले नव्हते. १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये वुखरर यांना आणि १८७० मध्ये कलकत्त्यात लुईस यांना अशाच लघवीत सूक्ष्म कृमी दिसले. हत्तीरोगाचेच ते कृमी. कार्टर यांचे निदान मात्र त्यामुळे खोटे ठरले नाही, उलट पुरे झाले.

पुढे कुष्ठरोग, मदुरापाद, उलटून येणारा ताप, हिवताप, सगळीकडे तेच भिंग. १८८८ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. ४ मे १८९७ रोजी स्कारबरोला क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’च्या आवृत्त्या आजही निघतात, ग्रे यांच्याच नावाने.