बुकबाइंडराचा उमेदवार : मायकेल फॅराडे यांचें चरित्र

मुलगा हाताशीं आला म्हणजे त्याला कोणत्या धंद्यांत घालावें, ही चिंता प्रत्येक आईबापांस पडते. मुलाच्या मनाचा कल एकीकडे आणि घरची गरज दुसरीकडे, असें पुष्कळ घरीं घडतें. अशा वेळीं कित्येक आईबाप मुलाचा कल म्हणजे निव्वळ खेळ असें समजून तो मोडून काढतात; आणि कित्येक तरुण हातचें काम टाकून मनाजोगतें काम मिळेल या आशेवर रिकामे बसून राहतात. या दोघांनींही ज्यांचें चरित्र लक्ष देऊन वाचावें असे एक पुरुष इंग्लंडांत होऊन गेले. त्यांचें नांव मायकेल फॅराडे.

मायकेल याचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन या ठिकाणीं झाला. बाप जेम्स हा लोहार होता; परंतु त्याची प्रकृति नेहमीं अशक्त असल्यामुळें भट्टीचें काम त्याच्यानें नीट होत नसे. घरांत चार मुलें होतीं. १८०१ सालीं धान्य फार महाग झालें, तेव्हां मायकेलच्या वांट्यास आठवड्याचा एक पाव येई, आणि तोच त्यास सात दिवस पुरवावा लागे. लिहिणें, वाचणें व थोडासा हिशेब, एवढेंच काय तें त्याचें शाळेंतलें शिक्षण झालें.

१८०४ सालीं तो जॉर्ज रिबो नांवाच्या पुस्तकविक्याच्या दुकानीं पोऱ्या म्हणून राहिला. वर्तमानपत्रें घरोघर नेऊन देणें व परत आणणें हें त्याचें काम होतें. तें त्यानें वर्षभर इतक्या इमानानें केलें कीं, पुढच्या वर्षीं धन्यानें त्यास पुस्तकें बांधण्याच्या कामावर सात वर्षांच्या कराराचा उमेदवार म्हणून घेतलें. अशा उमेदवारीसाठीं आईबापांकडून फी घेण्याची त्या काळीं चाल होती. रिबोनें मुलाची चाकरी पाहून कांहीं घेतलें नाहीं.

बांधावयास आलेलीं पुस्तकें मायकेल वाचूं लागला. मोठ्या इंग्रजी विश्वकोशाच्या एका भागांत विजेविषयीं लिहिलेलें त्याच्या वाचनांत आलें. मार्सेट नांवाच्या बाईंचें रसायनशास्त्रावरील सोपें पुस्तकही त्याच्या हातीं पडलें. पुस्तकांत लिहिलें आहे तेवढ्यावरून तें खरें मानावयाचें, हें त्याच्या मनास पटेना. म्हणून फुरसतीच्या वेळीं तो पदरचे चार पेन्स खर्चून साधे प्रयोग करून पाही. विजेचें एक लहानसें यंत्रही त्यानें स्वतःच्या हातांनीं तयार केलें. धन्यानें रागें न भरतां त्यास मुभा दिली. आपल्याला कशाची आवड आहे, हें या मुलानें विचार करीत बसून शोधून काढलें नाहीं. हातचें काम करतां करतांच तें त्यास सांपडलें.

१८१० सालीं बाप वारला. आई घरांत भाडेकरू ठेवून संसार चालवीत होती. त्याच सुमारास शहरांत टेटम नांवाचे एक गृहस्थ संध्याकाळीं शास्त्रावर व्याख्यानें देत असत व एका व्याख्यानास एक शिलिंग घेत. उमेदवाराजवळ शिलिंग कोठून असणार? थोरला भाऊ रॉबर्ट बापाप्रमाणें लोहारकाम करी. त्यानें आपल्या मजुरींतून ते पैसे भरले.

पुढें १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंतील व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. व्याख्याते होते त्या वेळचे प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही. मायकेलनें चार व्याख्यानें ऐकलीं, टिपणें घेतलीं, घरीं तीं विस्तारानें लिहून काढलीं, आकृत्या काढल्या, आणि तें सर्व स्वतः बांधून त्याचें एक पुस्तक केलें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत उमेदवारी संपली व तो दुसऱ्या एका मालकाकडे मजुरीनें राहिला. तेथें त्याचें मन रमेना. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस त्यानें कामासाठीं पत्र लिहिलें, त्याचें उत्तर आलें नाहीं. मग डिसेंबरांत धीर करून त्यानें आपलें तें पुस्तक डेव्हींकडे पाठविलें. डेव्हींनीं त्यास बोलावून घेतलें; पण जागा रिकामी नाहीं, शास्त्राचें काम कष्टाचें असून त्यांत पैसा थोडा, तेव्हां तूं आपला धंदा सोडूं नकोस, असा उपदेश केला. मायकेल निमूटपणें पुस्तकें बांधावयास परत गेला.

पुढें थोड्याच दिवसांत त्या संस्थेच्या प्रयोगशाळेंतील मदतनीस भांडणावरून कामावरून निघाला, आणि डेव्हींस त्या तरुणाची आठवण झाली. ता. १ मार्च १८१३ रोजीं मायकेल त्या जागीं लागला. पगार आठवड्यास पंचवीस शिलिंग, माडीवर राहावयास दोन खोल्या, शिवाय कोळसा व मेणबत्त्या. बाटल्या धुणें, उपकरणें मांडणें, व्याख्यात्यांच्या हाताखालीं उभें राहणें, हें त्याचें काम. त्याच सालीं डेव्हींबरोबर तो युरोपच्या प्रवासास गेला. तेथें त्यास चाकराचेंही काम करावें लागलें, आणि डेव्हींच्या पत्नीनें त्यास चाकराप्रमाणेंच वागविलें. परत जावें असें त्याच्या मनांत येई. परंतु मोठमोठ्या शास्त्रज्ञांची भेट होत होती, म्हणून त्यानें तें सोसलें.

आपलें शिक्षण अपुरें आहे हें फॅराडे कधीं विसरले नाहींत. शुद्ध लिहिणें ते एका मित्राकडून कित्येक वर्षें शिकले. चांगलें बोलतां यावें म्हणून त्यांनीं वक्तृत्वाचे धडे घेतले. उच्च गणित मात्र त्यांस कधींच आलें नाहीं. तें काम पुढें मॅक्सवेल यांनीं केलें व फॅराडे यांचे विचार गणिताच्या भाषेंत मांडले.

विजेपासून लोहचुंबकत्व उत्पन्न होतें हें १८२० सालीं कळून आलें होतें. तर मग लोहचुंबकापासून वीज कां निघूं नये, हा प्रश्न फॅराडे यांच्या मनांत घर करून राहिला. त्यांनीं अनेकदां प्रयत्न केले व ते फसले. शेवटीं ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लोखंडी कड्याच्या दोन बाजूंस तारा गुंडाळून एका तारेंत वीज सोडली व बंद केली, तों त्या त्या क्षणीं दुसऱ्या तारेजवळची सुई हालली. थोड्याच दिवसांनीं, तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक आंतबाहेर केला असतां वीज वाहते, हेंही त्यांनीं दाखविलें. आज कोयनेच्या पाण्यावर जीं विजेचीं यंत्रें फिरतात, तीं याच नियमानें चालतात.

नांव झाल्यावर कारखानदार त्यांच्याकडे सल्ल्यासाठीं येऊं लागले. अशा कामांतून एका वर्षीं त्यांस हजार पौंडांवर प्राप्ति झाली. परंतु धनाच्या मागें लागलें तर शोधाचें काम मागें पडेल, हें पाहून त्यांनीं तें उत्पन्न बहुतेक सोडून दिलें. ज्या लहानशा ख्रिस्ती मंडळींत ते वाढले, तींत त्यांनीं वडिलाचें काम केलें. मुलांसाठीं नाताळांत व्याख्यानें देण्याचें काम त्यांनीं १८२७ पासून १८६० पर्यंत एकोणीस वेळां केलें. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद देऊं केलें असतां त्यांनीं तें घेतलें नाहीं. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं ते निवर्तले.

तरुणांनो, डेव्हींचें दार ज्यानें उघडलें तें पुस्तक नीट बांधलेलें होतें, हें ध्यानांत धरा. सात वर्षांची उमेदवारी व्यर्थ गेली नाहीं. तिनेंच त्या हातांस नेटकेपणाची संवय लावली. आणि वडील माणसांनो, प्रत्येक पोऱ्याचा फॅराडे होत नाहीं, हें खरें. रॉबर्टलाही आपल्या भावाचें पुढें काय होईल, हें ठाऊक नव्हतें. भावाचें मन कशांत आहे एवढेंच त्यानें ओळखलें आणि लोहारकामाच्या मजुरींतून एक शिलिंग काढून दिला. आपल्या घरांतील एखादें मूल मोडकें घड्याळ उघडून बसलें, किंवा दिवा मालवण्याची वेळ झाली तरी पुस्तक खालीं ठेवीना, तर तें त्याच्या हातांतून काढून घेण्यापूर्वीं त्या शिलिंगाची आठवण करावी.