बेसी कोलमन आणि तिची 'जेनी'

बेसी कोलमन १८९२ साली अमेरिकेत, टेक्सासमध्ये जन्मली आणि कापूस वेचत वाढली. विमान चालवायचे ठरवले, पण कृष्णवर्णीय मुलीला शिकवायला तिथे कोणी तयार होईना. मग फ्रेंच भाषा शिकून तिने फ्रान्स गाठले आणि १९२१ मध्ये परवाना मिळवला.

परतल्यावर कसरतींसाठी तिने घेतले 'जेनी' हे दुहेरी पंखांचे विमान. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने हजारो वैमानिक यावरच तयार केले आणि युद्ध संपताच ही विमाने स्वस्तात विकून टाकली. लाकडी सांगाडा, वर कापड, ९० अश्वशक्तीचे इंजिन. जिवाशी खेळच, पण नव्यासाठी पैसे कुठले? १९२३ मध्ये असेच एक विमान कोसळून तिचा पाय मोडला. तरी ती उडतच राहिली, कारण तिला आपल्या लोकांसाठी वैमानिकांची शाळा काढायची होती.

३० एप्रिल १९२६, जॅक्सनविल. डॅलसहून आणलेली जुनी जेनी मेकॅनिक विल्यम विल्स चालवत होता. पॅराशूट उडीची जागा वाकून पाहता यावी म्हणून बेसीने पट्टा बांधला नव्हता. विमान अचानक खाली झेपावले, गिरक्या घेऊ लागले आणि ती बाहेर फेकली गेली. विल्सही वाचला नाही. विमानाच्या नियंत्रण यंत्रणेत एक पाना अडकलेला सापडला. बेसी ३४ वर्षांची होती. शाळा राहूनच गेली.