मास्टर विठ्ठल : एक शब्द न बोलता हिरो झालेला कोल्हापूरचा गडी

मढ (मुंबई उपनगर) : मालाडहून मार्वे रस्त्याने किंवा वर्सोव्याहून होडीत बसून मढला जाता येतं. कोळ्यांची वस्ती, समुद्र, जुना किल्ला आणि शूटिंगसाठी भाड्याने मिळणारे बंगले. आपण घरात बसून टीव्हीवर बघतो त्या कितीतरी मालिकांच्या मारामाऱ्या या भागात शूट झाल्या आहेत. उंचावरून उडी मारायची असेल तर कमरेला वायर बांधतात, खाली जाड गाद्या टाकतात. आणि बऱ्याचदा उडी मारणारा हिरो नसतोच. हिरोचे कपडे घालून दुसराच गडी उडी मारतो, कॅमेरा त्याचा चेहरा दाखवत नाही.

शंभर वर्षांपूर्वी असं नव्हतं. जो उडी मारायचा, तोच हिरो असायचा. त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव आपल्या कोल्हापुरात घडलेलं आहे. मास्टर विठ्ठल. आज किती जणांना ते आठवतं?

नाटक कंपनीतून सिनेमात

विठ्ठल यांचा जन्म 1906 चा. लहानपणीच ते राजापूरकर नाटक मंडळीत बालनट म्हणून उभे राहिले. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले. ही कंपनी म्हणजे त्या वेळची सिनेमाची तालीमच. व्ही. शांताराम यांच्यासारखी माणसं इथूनच तयार झाली. विठ्ठल तिथे आधी फिल्मच्या पट्ट्या कापून जोडायचं काम करत. पडद्यावर पहिली संधी मिळाली ती 1924 च्या ‘कल्याण खजिना’मध्ये, तीही नाचणाऱ्या बाईच्या वेशात. तेव्हा सिनेमात काम करायला बायका सहसा मिळत नसत, म्हणून पुरुषांनाच लुगडं नेसावं लागे.

मग त्यांनी मुंबई गाठली. शारदा कंपनीच्या ‘रतन मंजरी’ (1926) मध्ये ते नायक झाले आणि नशीब पालटलं. घोडदौड, तलवारबाजी, भिंतीवरून उड्या हा शारदाच्या सिनेमांचा मसाला. सिनेमा मुका, मध्ये मध्ये अक्षरांच्या पाट्या यायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं लागे. पण तलवारीला तलवार भिडली की पाटीची गरज कुणाला? गिरणी कामगार आणि हातावर पोट असलेली माणसं या स्टंटपटांवर फिदा होती. अमेरिकेत डग्लस फेअरबँक्स तसे हिंदुस्थानात विठ्ठल, असं लोक बोलू लागले.

तेव्हा आजच्यासारखी सोय नव्हती. पडद्यावरची करामत कॉम्प्युटरवर नव्हे, कॅमेऱ्यासमोर करूनच दाखवावी लागे. नट हाच स्टंटमॅन होता.

कोर्टात गेलेला हिरो

1930 च्या सुमारास अर्देशीर इराणी यांनी देशातला पहिला बोलपट करायला घेतला, ‘आलम आरा’. नायक म्हणून त्यांनी विठ्ठल यांना निवडलं. पण विठ्ठल शारदा कंपनीच्या कराराने बांधलेले होते. करार मोडला म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर महंमद अली जिना, तेच पुढे पाकिस्तानचे संस्थापक झाले. खटला विठ्ठल जिंकले. मालकाने सोडलं नाही तर पडद्यावरचा मर्दही अडकून पडतो, हे तेव्हाही खरं होतं.

कोर्ट जिंकलं, पण खरी परीक्षा पुढे होती. बोलपट म्हणजे बोलणं आलं. हा गडी मराठी मातीतला, सिनेमाची भाषा हिंदी-उर्दू. उच्चार काही जमेनात. त्यात माईक लपवून ठेवलेला, त्याच्या जवळ उभं राहूनच बोलायचं. शेजारून रेल्वे जायची, तिचा आवाज नको म्हणून बरंचसं शूटिंग रात्री उशिरा व्हायचं. अशा ठिकाणी उड्या मारून काय उपयोग! शेवटी विठ्ठल यांची भूमिकाच बदलली. सिनेमात त्यांना बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवलं, म्हणजे बोलायला नको.

14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला. एवढी गर्दी की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. पहिल्या बोलपटाचा हिरो म्हणून विठ्ठल यांचं नाव इतिहासात गेलं, पण त्याच सिनेमाने त्यांचा जमाना संपवला. आता हिरोला गाता आणि बोलता यायला हवं होतं.

पुढची वर्षं

ते घरी बसले नाहीत. 1933 मध्ये ‘आवारा शहजादा’ हा सिनेमा त्यांनी दिग्दर्शित केला, त्यात शाहू मोडक यांना दुहेरी भूमिका दिली. मराठीत तर भाषेची अडचण नव्हतीच. प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (1944) आणि भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ (1952) या सिनेमांत ते दिसले. मात्र आता नायक दुसरे होते, विठ्ठल बाजूच्या भूमिकेत. 1969 मध्ये ते गेले.

वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. मूकपटांतलेही फारच थोडे वाचले आहेत. नटाची गाणी रेकॉर्डवर राहतात, संवाद लोकांच्या तोंडी राहतात. अंगावर मार झेलणाऱ्याचं काम मात्र फिल्मबरोबरच गेलं.

तरी विठ्ठल यांना एक गोष्ट मिळाली. पाटीवर त्यांचं नाव होतं आणि टाळ्या त्यांनाच पडत. मढला आज वायरवर लटकणाऱ्या पोराचा चेहराही लोकांना दिसत नाही. मालिका बघताना एखादी भारी उडी दिसली, तर ती मारणारा कोण असेल, एवढा विचार तरी आपण करायला हरकत नाही.