नाट्याचार्य काकासाहेब खाडिलकर : त्यांचे टीकाकार आणि त्यांचे प्रेक्षक

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे नाव आपल्या ज्ञातिबांधवांस नव्याने सांगावयास हवे असे नाही. गिरगावात राहणाऱ्या वा कधीकाळी राहिलेल्या कुटुंबांस तर ते रस्त्याच्या नावामुळे आणि 'नवाकाळ' पत्रामुळे रोजच्या परिचयाचे आहे. लोकमान्यांचे सहकारी, 'केसरी'चे संपादक, राजद्रोहाची शिक्षा भोगलेले देशभक्त या नात्यांनी त्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. आम्ही येथे त्यांच्या आयुष्यातील एका निराळ्याच धाग्याचा मागोवा घेऊ इच्छितो. वर्तमानपत्रात लिहिणारा हा मनुष्य नाटके लिही, आणि त्या नाटकांवर इतर वर्तमानपत्रांतून टीका होई. त्या टीकेने काय साधले आणि काय साधले नाही, ही हकीकत मुंबईच्या नाटकवेड्या कुटुंबांनी अवश्य ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

काकासाहेबांचा जन्म सांगलीस 25 नोव्हेंबर 1872 रोजी झाला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली मराठी नाटकाचा पाया ज्या गावी घातला, तेच हे गाव. डेक्कन कॉलेजातून ते 1892 साली बी. ए. झाले आणि 1893 च्या सुमारास, वयाची एकविशी जेमतेम गाठली असता, त्यांनी 'सवाई माधवरावांचा मृत्यू' हे नाटक लिहिले. शाहूनगरवासी मंडळीने ते पुढे रंगभूमीवर आणले. शेक्सपिअर वाचलेल्या विद्वानांस त्यात हॅम्लेट दिसला आणि केशवशास्त्र्याच्या रूपाने इयागोही दिसला. हे निदान खोटे नव्हते. परंतु गणपतराव जोशी सवाई माधवरावांच्या भूमिकेत उभे राहिले म्हणजे प्रेक्षकांस पुढे दिसे तो शनिवारवाड्यातील दुर्दैवी तरुण पेशवा. त्याचे मूळ कोठले, याची चौकशी करण्यास कोणास सवड नसे. विद्वानांचे वाचन आणि प्रेक्षकांचे पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा पहिला अनुभव काकासाहेबांस येथे आला असावा.

1896 साली राष्ट्रीय महोत्सवांसंबंधी त्यांचा लेख 'केसरी'त आला आणि तेथून त्यांची लेखणी लोकमान्यांच्या सेवेस लागली. 'कांचनगडची मोहना', नेपाळातील वास्तव्य, पुन्हा 'केसरी' हा सारा काळ आम्ही ओलांडून जातो, कारण आमच्या विषयाचा गाभा 1907 सालातील नाटकात आहे.

महाराष्ट्र नाटक मंडळी ही सुशिक्षित तरुणांनी काढलेली गद्य नाटकांची संस्था होती. तिने 22 फेब्रुवारी 1907 रोजी पुण्यास 'कीचकवध' रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातील, लहान मुलासही पाठ असणारी. पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्रीच्या वेषात, विराटाचा मेहुणा कीचक सत्तेने धुंद. धर्मराज धीर धरण्यास सांगतो, भीमास धीर धरवत नाही. वंगभंगाची जखम ताजी होती. नेमस्त आणि जहाल यांची भांडणे घराघरांत चालू होती. अशा वेळी थिएटरात बसलेल्या मनुष्यास कीचक कोण, द्रौपदी कोण, हे सांगण्यासाठी सूत्रधाराची गरज नव्हती. नाटकात लॉर्ड कर्झनचे नाव नाही, बंगालचे नाव नाही, काँग्रेसचे नाव नाही. पुण्यासह दक्षिणेतील गावोगावी आणि मुंबई शहरात सुमारे तीन वर्षे हे नाटक भरल्या थिएटरांत चालले. सरकारने ते चालू दिले, कारण पौराणिक नाटकास हात लावावयाचा तर काही निमित्त हवे होते.

ते निमित्त एका वर्तमानपत्रीय परीक्षणाने पुरविले. 18 जानेवारी 1910 च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'कीचकवधा'वर एक मजकूर प्रसिद्ध झाला. लिहिणारा इंग्रजांच्या बाजूचा होता, पण मंदबुद्धीचा खास नव्हता. त्याने सरळ उलगडा केला की कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे नेमस्त पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष. इतके लिहून तो थांबता तर तो केवळ हेराचा अहवाल झाला असता. परंतु त्याने प्रेक्षकांकडेही पाहिले. कीचकाचे अत्याचार पाहताना पुरुषांच्या चेहऱ्यांवर चढणारा ताण, द्रौपदीची विनवणी ऐकताना ब्राह्मण स्त्रियांच्या डोळ्यांत आलेली चमक, धर्मराजाच्या सौम्यपणाविषयीचा तिटकारा आणि कीचक मारला जाताच साऱ्या थिएटरातून उमटणारी समाधानाची गंभीर गुणगुण, हे सर्व त्याने टिपून ठेविले. हे नाटक पाहिलेला इंग्रज ते चेहरे जन्मभर विसरणार नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. व्हॅलेंटाइन चिरोल याने त्याच वर्षी आपल्या हिंदी असंतोषावरील पुस्तकात तो मजकूर उद्धृत केला, त्यामुळे तो जगभर पोहोचला.

येथे क्षणभर थांबून आम्ही आपल्या भगिनींचे लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. त्या स्त्रिया म्हणजे आपल्याच घरांतील पणज्या आणि खापरपणज्या. त्यांची नावे कोठल्या कागदावर नाहीत. त्यांनी नाटकाविषयी काय मत दिले, ते कोणा मराठी संपादकाने विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. त्यांचे पाणावलेले, चकाकणारे डोळे इतिहासात नोंदले गेले ते एका प्रतिकूल टीकाकाराच्या लेखणीने. टीकेचे हे विचित्र ऋण आम्हांस मान्य केले पाहिजे.

लेख प्रसिद्ध झाला ती वेळही मोठी नाजूक होती. अवघ्या चार आठवड्यांपूर्वी, 21 डिसेंबर 1909 रोजी, नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडून वध केला होता. लोकमान्य मंडालेस होते. थिएटर, ब्राह्मण प्रेक्षक आणि राजद्रोह हे तीन शब्द अधिकाऱ्यांच्या मनात एकत्र गुंफले गेले होते. 1876 च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने सरकारच्या हाती प्रयोग बंद करण्याचा अधिकार होताच. तो कायदा मुळात कलकत्त्याच्या रंगभूमीला धाक घालण्यासाठी झाला होता. त्याच जानेवारी महिन्यात 'कीचकवधा'वर बंदी आली आणि पुढे बरीच वर्षे ती राहिली.

या प्रकरणात टीकाकाराचा दोष कोणता, असे आम्ही स्वतःस विचारून पाहिले. त्याने नाटक चुकीचे वाचले, असे म्हणता येत नाही. आमच्या मते त्या काळी 'कीचकवधा'चे इतके अचूक वाचन दुसरे झाले नाही. पण जे प्रेक्षकांनी एकमेकांकडे पाहून मनात ठेविले होते, ते त्याने ज्याने ऐकू नये त्याच्या कानी घातले. कलाकृती समजल्याची शिक्षा कलाकृतीला व्हावी, असा हा प्रसंग. आणि काकासाहेब तर स्वतः संपादक! छापील शब्द कोठवर पोहोचतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? 1908 साली लोकमान्यांस शिक्षा झाली ती छापील शब्दापायीच.

यानंतर काकासाहेबांनी जे केले त्याने त्यांचे चाहतेही चकित झाले. गद्य नाटकांचा हा कर्ता संगीत नाटकाकडे वळला. किर्लोस्कर मंडळीने 12 मार्च 1911 रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात 'मानापमान'चा पहिला प्रयोग केला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस, आणि संगीत गोविंदराव टेंबे यांचे. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान कन्या निवर्तली. प्रयोग पुढे ढकलावा अशी इतरांची इच्छा असताही बालगंधर्व तोंडाला रंग लावून उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आम्ही तिचा उल्लेख करतो तो एवढ्याचसाठी की, प्रेक्षकांस मायबाप म्हणण्याची नटांची रीत त्या रात्री नुसती बोलण्याची राहिली नव्हती.

'मानापमाना'वर आक्षेप आले ते दोन बाजूंनी. राजकारणी मित्रांचे म्हणणे असे की, 'केसरी'च्या मांडवाखालून गेलेल्या लेखकाने ठुमऱ्यांच्या नादी लागावे, हे शोभत नाही. दुसरा आक्षेप काव्यरसिकांचा, आणि तो अधिक बोचरा होता. गोविंदरावांनी उत्तर हिंदुस्थानी ढंगाच्या चाली निवडाव्यात आणि काकासाहेबांनी त्या चालींच्या मापाने शब्द बसवावेत, अशी ही पदे तयार झाली होती. त्यामुळे कोठे शब्दांची ओढाताण, कोठे अन्वय दुर्बोध, कोठे कठोर वर्णांची गर्दी. किर्लोस्कर आणि देवल यांच्या प्रासादिक पदांवर वाढलेल्या मंडळींस ती दगडधोंड्यांसारखी वाटली. हा आक्षेप पुढे 'विद्याहरण', 'स्वयंवर' अशा प्रत्येक नाटकाच्या वेळी पुन्हा पुन्हा घेण्यात आला, आणि काकासाहेबांची थट्टाही मनसोक्त झाली.

आम्हांस असे स्पष्ट वाटते की, टीकाकारांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे होते. 'मानापमाना'ची पदे चाल बाजूस सारून नुसती वाचावयास घ्यावीत. पुष्कळ ठिकाणी अर्थ लावताना दम लागतो. परंतु थिएटरात बसलेला मनुष्य पद वाचीत नव्हता. गिरगावच्या चाळीतील कारकून, भुलेश्वरचा दुकानदार, परळ-लालबागकडून पायी येणारा कामकरी आणि पुढच्या खुर्चीवरचा बॅरिस्टर हे सारे ते ऐकत होते. कठोर वाटणारे तेच वर्ण तानेच्या उडीला टेकू देत. बालगंधर्वांच्या कंठातून तीच ओळ निघाली म्हणजे व्याकरणाचा विचार कोणाच्याही मनात टिकत नसे, आणि वन्समोअरच्या गजरात रात्र सरून पहाट होई. वन्समोअरने नाटकाची मोडतोड होते ही तक्रारही परीक्षणांतून झाली. तीही रास्तच होती. प्रेक्षकांनी ती वाचली, मान डोलावली, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा वन्समोअर दिला! 10 डिसेंबर 1916 रोजी 'स्वयंवर' आले. भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांची रुक्मिणी यांनी तर टीकेस कान देण्याची प्रेक्षकांची उरलीसुरली इच्छाही नाहीशी केली.

तथापि प्रेक्षक नेहमीच काकासाहेबांच्या बाजूने राहिले, असे मात्र नव्हे. 1920 च्या 'द्रौपदी'वर गंधर्व मंडळीने नेपथ्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतला. 1926 साली 'मेनका' आली. या नाटकांस 'मानापमान' वा 'स्वयंवर' यांची लोकप्रियता लाभली नाही. ज्या प्रेक्षकांनी टीका न मानता त्यांना डोक्यावर घेतले, त्यांनीच कोणी न सांगता पाठही फिरविली. टीकाकारांच्या शत्रुत्वापेक्षा हे मौन नाटककारास अधिक जड जाते, असा आमचा तर्क आहे.

मधल्या काळात मुंबईने त्यांचे नाटक एका आगळ्या कारणासाठी डोक्यावर घेतले. 8 जुलै 1921 रोजी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान' झाले. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर. काकासाहेब त्या सुमारास मुंबईत 'लोकमान्य' दैनिकाचे काम पाहत होते. ज्या नाटकाने देशकार्य सोडले असा दोष दिला गेला होता, तेच नाटक स्वराज्याच्या फंडास पैसा मिळवून देत होते. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले, त्यामुळे त्या रात्रीची आठवण मुंबईकरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली.

7 मार्च 1923 रोजी काकासाहेबांनी गिरगावात स्वतःचे 'नवाकाळ' दैनिक सुरू केले. परीक्षण छापणाऱ्यांच्या पंक्तीस आता ते मालक म्हणून बसले. 1929 साली 'नवाकाळा'तील लेखनाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन एक वर्षाची शिक्षा झाली. पत्र त्यांच्या चिरंजीवांनी पुढे चालविले. 1933 साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. उत्तरायुष्यात त्यांचे मन वेदोपनिषदांच्या चिंतनात अधिक रमू लागले. 26 ऑगस्ट 1948 रोजी, स्वराज्याचे पहिले वर्ष पुरे झाल्यावर अकराव्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या गद्य नाटकांपैकी 1909 च्या 'भाऊबंदकी'स पुढे गिरगावातच नवे आयुष्य मिळाले. मुंबई मराठी साहित्य संघाने नाट्योत्सवात ते नाटक पुन्हा उभे केले. नानासाहेब फाटकांचे राघोबा, दुर्गाबाई खोट्यांची आनंदीबाई आणि केशवराव दात्यांचे रामशास्त्री, असा तो योग होता. दुर्गाबाईंसारखी शिकलेली स्त्री आनंदीबाई होऊन उभी राहिली, आणि ज्या काळी स्त्री-भूमिका पुरुषच करीत त्या काळी लिहिलेले शब्द स्त्रीच्या तोंडून ऐकू आले. आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींपैकी ज्यांनी तो प्रयोग पाहिला, ती मंडळी रामशास्त्र्यांच्या न्यायदानाचा प्रवेश सांगू लागली म्हणजे स्वतः उठून उभी राहत. घरातील धाकट्यांनी तो प्रवेश त्यांच्याकडूनच प्रथम ऐकला. नाटकाचे पुस्तक पुष्कळांच्या हाती नंतर आले.