शुक्रावरची आनंदी

संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसणारी ती ठळक चांदणी म्हणजे शुक्र. हॉस्टेलच्या गच्चीवरून आपण सगळेच ती बघतो. पण त्या शुक्रावर एक मराठी आडनाव आहे, हे किती जणांना माहीत आहे? मला कळलं तेव्हा मी तर उडालोच! शुक्राच्या विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचं 'जोशी' नावाचं विवर आहे. हे नाव आहे डॉ. आनंदीबाई जोशी यांचं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यापायी ते तिला मारतसुद्धा. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि उपचाराअभावी दहाच दिवसांत गेला. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरांपुढे जात नसत आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. मग आपणच डॉक्टर व्हायचं, असं या पोरीने ठरवलं.

एप्रिल १८८३ मध्ये ती कोलकात्याहून अमेरिकेला निघाली. वय १८, सोबत नवरा नाही. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) कॉलेजात सभेपुढे उभं राहून तिने आपण का जातोय ते सांगितलं. न्यू जर्सीच्या कार्पेंटर बाईंनी तिला मुलीसारखं घरात ठेवून घेतलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नऊवारी नेसून, शाकाहार सांभाळून, कडाक्याच्या थंडीत ती शिकली. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागात नेमणूकही ठरली. पण क्षयाने गाठलं होतं. परत आल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. वय २१! म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलामुलींएवढं. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात ती एकही पेशंट तपासू शकली नाही.

आता तिचं नाव आहे ती जागा कशी आहे बघा. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे आकडे आधी! आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की जीव नकोसा होतो. शुक्राच्या जमिनीवर दिवसरात्र सुमारे ४६५ अंश सेल्सिअस. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं. हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट. हवेत ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड, वर सल्फ्युरिक ॲसिडचे ढग. आत आलेली उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून सूर्याजवळच्या बुधापेक्षाही शुक्र जास्त तापलेला. १९८२ मध्ये सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ तिथे उतरलं, ते १२७ मिनिटं टिकलं. तोच तेव्हा मोठा पराक्रम!

ढगांमुळे जमीन दिसत नाही. १९९० ते १९९४ मध्ये मॅगेलन यानाने रडार वापरून जवळपास सगळा नकाशा केला. ज्वालामुखी, लाव्हाची मैदानं, ११ किलोमीटर उंचीचा मॅक्सवेल पर्वत आणि हजाराच्या आसपास विवरं सापडली. तीन किलोमीटरपेक्षा लहान विवरं जवळपास नाहीतच, कारण लहान उल्का त्या दाट हवेतच संपतात. मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावं द्यायची, असा आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा नियम आहे. त्यात आनंदीबाईंसोबत रमाबाई आहेत, मुंबईच्या डॉ. जेरुशा झिराडही आहेत.

मला वाटतं, हे नाव डिग्रीसाठी किंवा पहिल्या नंबरासाठी नाही. चौदाव्या वर्षी मूल गेलेल्या आईने त्या दुःखाचं काय केलं, त्यासाठी आहे. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी मेडिकल कॉलेज उभं केलं. आज तिथल्या कस्तुरबा हॉस्पिटलात खेड्यापाड्यांतल्या बाया बाई डॉक्टरांना बिनधास्त दाखवतात. आनंदीला हवं होतं ते हेच. इस्रोच्या शुक्र मोहिमेला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली असून २०२८ मध्ये यान सोडायचा बेत आहे. आपल्यापैकी कुणी त्या कामात असेल, तर नकाशात ते विवर जरूर शोधा.

डॉ. आनंदीबाईंना विनम्र अभिवादन!